प्रथम वर, असे मी वाचले

आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात बरीच वर्षे माईक माझ्याकडे असे. आलेल्या अर्जांवरून परिचय पुस्तिकेचा मजकूर मीच तयार करायचो आणि मुलगा किंवा मुलगी मंचावर आली की वाचून दाखवायचो. नाव, शिक्षण, नोकरी, अपेक्षा. लोक पेन घेऊन बसत आणि मी वाचलेले खरे धरत.

एका वर्षी माझ्या मित्राने आपल्या मुलाचा अर्ज आणून दिला. त्या मुलाचे रायपूरला लग्न झाले होते. बायको भांडून माहेरी गेली होती, सोडचिठ्ठी नव्हती. मला ठाऊक होते, त्या लग्नात मी जेवून आलो होतो. पूर्वविवाहाचा रकाना मित्राने कोरा ठेवला होता.

"तूच भर ना गा," तो म्हणाला. "तुले काय सांगायचं!"

मी 'प्रथम वर' लिहिले, म्हणजे मुलाचे हे पहिलेच लग्न. मेळाव्यात तेच वाचले.

उमरेडच्या एका गृहस्थांनी आपली मुलगी त्या घरी दिली. चौथ्या महिन्यात पहिली बायको दारात उभी राहिली. नवी सून माहेरी परतली. मित्राने सगळीकडे सांगितले, ती रायपूरची बाई खोटी आहे. मुलीचे वडील खात्री करायला माझ्याकडे आले.

"तपासल्याशिवाय मी वाचत नाही, भाऊ," मी म्हणालो.

ते परत गेले. तेव्हापासून ती मुलगी 'नांदली नाही' अशी ठरली.

यंदा मंडळाने मला पुस्तिकेची प्रस्तावना लिहायला सांगितली. तिच्यात मी हे सगळे लिहिले आणि छापायला देण्याआधी उमरेडला गेलो. दार त्या मुलीनेच उघडले. आता तिची पन्नाशी उलटली असावी. कागद तिने उभ्यानेच वाचला.

"प्रस्तावना कोण वाचते, काकाजी? लोक फोटो पाहतात अन् पुस्तक ठेवून देतात."

"मग काय करू?"

"बाबा आत बसून आहेत. अजून म्हणतात, पोरीनं थोडं सोसलं असतं तं संसार झाला असता. त्याईले सांगा."

याची तयारी मी करून आलो नव्हतो. म्हातारे खाटेवर होते. मी हळू आवाजात सुरुवात केली.

"आँ? काय म्हणून राहिले?"

त्यांना ऐकू येत नव्हते. मला ओरडून सांगावे लागले. मुलाचे आधी लग्न झालेले होते. मला माहीत होते. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी खोटे बोललो. शेजारची बाई ओसरीवर येऊन उभी राहिली.

म्हातारे म्हणाले, "म्या तं तुमचं ऐकलं. पोरीचं नाही ऐकलं."

त्यांनी मुलीकडे हात पुढे केला. ती दारातच उभी होती. जागची हलली नाही.