झाकलेलं पातेलं

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईला नवऱ्याच्या कारखान्यातली आपल्याकडची मंडळी 'उकळी' म्हणत. तोंडावर वहिनी, पाठीमागे उकळी. तिच्याकडे गेलं की आधी पाणी यायचं आणि कुणी पेला उचलायच्या आत ती सांगायची, "उकळलेलं आहे हो, बिनघोर प्या." माणसं गालात हसायची. त्या परक्या गावातला नळ सोडला की आधी नुसता खाकरायचा, मग चहाच्या रंगाचं पाणी सोडायचा आणि मग नितळ दिसणारं, जे त्याहून वाईट. घरमालकाचा माणूस मात्र छातीठोकपणे सांगे की पाण्याला काहीही झालेलं नाही. सांगताना त्याच्या काखेत विकतची बाटली असे.

रोज विकतचं पाणी आणणं परवडणारं नव्हतं. संध्याकाळी मोठं पातेलं गॅसवर चढायचं, खळखळ उकळायचं आणि झाकण घालून रात्रभर ओट्यावर निवत राहायचं. सकाळी त्यातून बाटल्या भरायच्या. चूळ त्याच पाण्याची, कोथिंबीर धुवायची तीही त्यातच. अंघोळीला ओठ घट्ट मिटायचे, असा तिचा हुकूम होता. नवरा शिलाई यंत्रं दुरुस्त करणारा, स्वभावाने गरीब. तो म्हणायचा, "अंघोळ करतोय की बुडी मारतोय, तेच कळत नाही." पण ऐकायचा.

तिचं वेड उगाच नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर तिला दिवस राहिले होते. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, इथल्या पाण्याने कावीळ होते, आणि गरोदरपणात झाली तर पोटातलं मूल हाती लागेलच असं नाही. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

बाळंतपणाला माहेरी जाणं जमेना, म्हणून माहेरच इकडे आलं. आईने पहिल्या दिवशीच पदर खोचला आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ही एवढंच म्हणाली, "आई, नळाचं पिऊ नकोस हं. या पातेल्यातलंच प्यायचं." आई म्हणाली, "बरं बाई." पातेल्यातलंच का, ते हिने सांगितलं नाही. आईला काय सांगायचं, तिला कळतं. मग किती दिवसांनी ही सकाळी उशिरापर्यंत निवांत झोपू लागली.

आठव्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, पण ती रडलीच नाही. ही कशीबशी वाचली, आणि दूध आटायच्या गोळ्या घेऊन घरी आली.

पाण्यातूनच आलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. घरात तर थेंबाथेंबाचा पहारा होता. मग राहिला कोण? मध्यंतरी नवऱ्याचं पोट बिघडलं होतं, आणि कारखान्यातल्या टाकीचं पाणी कधीमधी पितो, हे त्याने स्वतःच कबूल केलं होतं. ती आईसमोरच त्याला म्हणाली, "तुम्ही आणलंत हे घरात. तुम्ही खाल्लंत माझ्या लेकीला."

तो वाद घालायला उभाच राहिला नाही. "असेल," एवढंच म्हणाला. कारखान्यातला चहा त्याने सोडला. घरी आला की कुणाशी बोलायच्या आधी मोरीत जाऊन हात धुवायचा, इतके की बोटांना भेगा पडल्या. ती बघायची आणि तिला बरं वाटायचं.

एकदा तिला पहाटेच जाग आली. ओट्यापाशी आई उभी होती. तिने झाकण काढलं, पातेलं मोरीत उपडं केलं, स्वच्छ घासलं, त्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि नळाखाली धरलं.

"आई, काय करतेस?"

"रात्रीचं शिळं पाणी गं. तू उकळतेस ते रात्रीपुरतं ठीक आहे. सकाळी शिळं कसं प्यायचं? आल्यापासून रोज ताजं भरते, गाळून घेते. तुला उठायला नको म्हणून."

तिच्या लहानपणी घरात रोज सकाळी हेच तर व्हायचं. आदल्या दिवसाचं ओतून द्यायचं, फडक्याने गाळून ताजं भरायचं. ते पाणी पिऊनच ती वाढली होती.

"राहू दे आई. उद्यापासून मी भरीन."

"तेवढीच तुला मदत," आई म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

तिने आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई त्या क्षणी खचली असती. पण नवऱ्याला? त्याने सासूला एक अक्षर बोलून दाखवलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही जीभ उचलली नाही. तिला आईची लाज वाटत होती, स्वतःची त्याहून जास्त, आणि दोष त्याच्या माथी आयता बसला होता.

आई परत निघाली. ती सामान घेऊन दाराशी उभी असताना तो पाया पडायला वाकला.

"जावईबापू, रागावू नका," आई म्हणाली. "पण बाहेरचं पाणी पीत जाऊ नका. माझ्या लेकीने फार सोसलं."

"नाही पीत आई आता," तो वाकलेलाच म्हणाला.

"चला, उशीर होतोय," ती म्हणाली.

आईला पोचवून दोघं घरी आली. तो चपला काढून तडक मोरीत गेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"साबण संपलाय का गं?" त्याने आतून विचारलं.

"नवा काढून ठेवलाय," ती म्हणाली.