बॉनेटच्या पलीकडून

इथे लोक लिहितात ते अमानवीय अनुभव मी वर्षानुवर्षं सकाळच्या चहाबरोबर वाचत आलोय, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणूनच. आमच्या घरात भुताखेतांवर कुणाचाच विश्वास नाही. बायकोचा तर माझ्यावरही नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

स्थळ कोथरूड. सोसायटी चार मजली, आम्ही चौथ्यावर. खाली पार्किंगमध्ये आमची जुनी पेट्रोल हॅचबॅक. रविवारची सकाळ, लख्ख ऊन — म्हणजे वातावरणनिर्मिती शून्य. भाचीचं लग्न होतं मांजरीच्या एका लॉनवर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी नवरीचा एकुलता एक मामा. आमच्याकडे नवरी मामाने दिलेली पिवळी साडी नेसून गौरीहर पुजायला बसते, आणि मग बोहल्यावर चढते. ती साडी नीलिमाच्या, म्हणजे बायकोच्या, मांडीवरच्या पिशवीत होती. मागच्या सीटवर आई — एक पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे पूर्ण सीट अडवून.

ताईने आदल्या दिवशी विचारलं होतं, "मन्या, गाडी पाठवू का?" त्यावर मी म्हणालो होतो, "मामा दुसऱ्याच्या गाडीतून येतो का कधी?"

किल्ली फिरवली. टक.

पुन्हा फिरवली. टक... टक-टक-टक.

"काय म्हणतेय?" नीलिमाने विचारलं.

"टक म्हणतेय."

"ते मलाही ऐकू आलं. कॅब बघू?"

बघितली. एक कॅबवाला यायला तयार झाला, आणि फोनवर 'मांजरी' ऐकून नाहीसा झाला. (यात अमानवीय काही नाही, हे नेहमीचंच.) मग मी झब्ब्याच्या बाह्या सरसावल्या. व्हिडिओ बघून बघून मी बऱ्यापैकी मेकॅनिक झालोय, असा माझा समज आहे. दिवे लागत होते, पण किल्ली फिरवली की मिणमिणत होते. म्हणजे बॅटरीत जीव होता, तो स्टार्टरपर्यंत पोचत नव्हता. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी भुकटी! मला इतका आनंद झाला की लग्नाचा क्षणभर विसर पडला.

नीलिमाला ड्रायव्हर सीटवर बसवलं. तिला गाडी येत नाही, पण किल्ली फिरवता येते. "मी 'मार' म्हटलं की मारायची," मी बजावलं. "तोवर कशालाही हात लावायचा नाही. कळलं?"

"ओरडू नका, कळलं," ती म्हणाली.

पान्याने काळ्या वायरची क्लॅम्प सोडवली, चुकून बॅटरीला चिकटू नये म्हणून पिवळ्या फडक्यात गुंडाळली, वर रबरबँड लावला आणि बाजूला सारून ठेवली. आता भुकटीवर ओतायला कढत पाणी हवं होतं. पाना झब्ब्याच्या खिशात टाकून लिफ्टने वर गेलो. बॉनेट उघडंच होतं, त्यामुळे नीलिमाला समोरचं काही दिसत नव्हतं. मी वर जातोय हे तिला सांगायचं राहिलं. म्हणजे... सांगावंसं वाटलं नाही. मी तेव्हा जरा घुश्शात होतो.

पाणी उकळेस्तोवर ताईचा फोन. "आहेस कुठे?"

"निघालोच."

"मागे गॅसचा आवाज येतोय मन्या. नवरीला काय टॉवेल गुंडाळून बसवू?"

पातेलं सांडशीत धरून, झब्बा सांभाळत लिफ्टमधून खाली आलो, तर इंजिनचा आवाज येत होता. गाडी चालू होती. छान, एका लयीत.

"कशी काय चालू झाली?" मी विचारलं.

"कशी काय म्हणजे? तुम्ही 'मार' म्हणालात, मी मारली."

"मी वर होतो."

"वर कुठे? पुढे उभे होतात की इतका वेळ."

मागून आई म्हणाली, "अरे, नंतर भांडा. तिकडे पोरगी खोळंबलीय."

मला वाटलं, कंटाळून हिनेच किल्ली फिरवली असणार आणि आता कबूल करत नाही. पातेलं कठड्यावर ठेवलं, आत न बघता धाडकन बॉनेट लावलं आणि निघालो. स्वारगेट, हडपसर, मांजरी — गाडीने वाटेत एक आचका दिला नाही. साडी ताईच्या हातात पडली तेव्हा गुरुजी नुसतेच माझ्याकडे बघत होते. भाची गौरीहरापुढे वेळेत बसली. पिवळा रंग तिला फार शोभला. मामाची इज्जत वाचली.

जेवणं झाल्यावर लॉनवाल्यांच्या माणसाने गाडी जरा मागे घ्यायला सांगितली. किल्ली फिरवली. काहीच नाही. टकसुद्धा नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही.

बॉनेट उघडलं. काळ्या वायरची क्लॅम्प पिवळ्या फडक्यात होती. वर रबरबँड. मी ठेवली होती तशीच, बॅटरीपासून वीतभर लांब.

केटरिंगवाल्यांकडून कढत पाणी घेतलं, टोकं घासली, क्लॅम्प आवळली. पहिल्या झटक्यात चालू. म्हणजे माझं निदान बरोबर होतं. हे मी नीलिमाला पुन्हा पुन्हा ऐकवलं.

नेहमीच्या गॅरेजवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, एकदा चालू झालेली गाडी बॅटरी सुटली तरी पळेल काही वेळ, अल्टरनेटरवर. पण बॅटरी न जोडता स्टार्ट? शक्यच नाही. तुम्ही आधी जोडली असणार आणि विसरला असाल." घरी येऊन करून बघितलं. क्लॅम्प काढली, किल्ली फिरवली. ढिम्म. मग वाटलं, कुणी येऊन ती जोडली, गाडी चालू करून दिली आणि परत सोडवून ठेवली... पण फडक्यात गुंडाळून, रबरबँडसकट? आणि कशाने? पाना तर माझ्या खिशात होता. वॉचमनने कुणाला आत येताना पाहिलं नव्हतं. सोसायटीचा कॅमेरा गेटकडे तोंड करून आहे, त्याला पार्किंगशी देणंघेणं नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तूच होतास की रे पुढे. काहीतरी गुणगुणत होतास." मी आयुष्यात कधी गुणगुणलेलो नाही.

शेवटी एकदा नीलिमाला नीटच विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "आवाज माझाच होता?"

"तुमचाच."

"नक्की?"

तिने जरा विचार केला. "तुमचाच होता, फक्त चिडलेला नव्हता. 'मार आता, होईल चालू,' असं म्हणालात. खरं तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती."

यापलीकडे माझ्याकडे काही नाही. इथल्या जाणकारांनी वायरिंगचे सिद्धांत जरूर मांडावेत, मी ते सगळे पडताळून बघितले आहेत असं समजून मांडावेत.

परवा गाडीने पुन्हा टक केलं. बॉनेट उघडलं, नीलिमाला सीटवर बसवलं, टोकं साफ केली, क्लॅम्प घट्ट केली. नेहमीसारखा ओरडणार होतो, पण का कोण जाणे, आवाज जरा खाली आणला आणि म्हणालो, "मार आता, होईल चालू."

किल्ली काही फिरली नाही. दार उघडल्याचा आवाज आला. नीलिमा खाली उतरली, बॉनेटला वळसा घालून पुढे आली आणि आधी बघून गेली, कोण आहे ते.