दादाच्या स्लाइडवरचे मोजके जंतू

आमच्या घरात मलेरियाला कुणी भीत नाही. कोलशेतच्या खाडीकाठची माणसं आम्ही. आजोबा मिठागरात राबले, हिवताप अंगावर काढला आणि म्हातारे होऊन गेले. आई तर फडताळातल्या बिस्किटांच्या डब्यात उरलेल्या गोळ्या जपून ठेवते. ताप आला की दोन घ्यायच्या, उतरला की बाकीच्या परत डब्यात. मी लग्न होऊन कोपरला आलेले, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, रोज लोकांना ओरडते की बाबांनो, कोर्स पूर्ण करा. आणि मोठ्या भावाला, दादाला, ताप आला तेव्हा माहेरी होते मी. त्या डब्यातल्या दोन गोळ्या मीच त्याच्या हातावर ठेवल्या.

दीड दिवस ताप उतरला. मग परत चढला आणि दादा बरळायला लागला, आईलाही ओळखेना. काका म्हणाले, "खाडीवरचं लागलंय, नारळ ठेवा." शेजारचे म्हणाले, दारूचा परिणाम. दादा पितो, मी काही नाकारत नाही. पण म्हणून त्याला तसाच पडू द्यायचा? मी कुणाचं ऐकलं नाही, रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत तो बेशुद्ध झालेला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट बघितला. "मलेरियाचे जंतू अगदी मोजके आहेत. एवढ्यानं माणूस बेशुद्ध पडत नाही. किती पितात ते खरं सांगा."

माझं डोकंच फिरलं. मी सरळ त्यांच्या लॅबमध्ये घुसले आणि म्हटलं, स्लाइड दाखवा. तिथला माणूस कुरकुरला, पण उठला. मायक्रोस्कोपखाली नुसत्या बारीक रिंगा, एकेका पेशीत दोन-दोन. म्हणजे घातकी जातीचा मलेरिया. वाढलेला जंतू एकही नाही. अरे, मग मोठे गेले कुठे?

मला माहीत होतं कुठे गेले. डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. "ही फक्त पिल्लं आहेत, डॉक्टर. जंतू लाल पेशीत वाढतो, तिथे प्रोटीन बनवतो आणि पेशीच्या वरच्या अंगाला पाठवतो. त्याच्या बारीक गाठी येतात आणि ती पेशी मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, कपड्याला कुसळ चिकटतं तशी. अशा खूप चिकटल्या की रक्ताची वाट अडते, मेंदू सुजतो. बोटाच्या रक्तात आलेत ते मोकळे फिरणारे. बाकीचे त्याच्या डोक्यात बसलेत!"

डॉक्टरांनी रिपोर्ट परत उचलून बघितला. मग विचारलं, "आधी काही औषध दिलं होतं?"

आई, काका, सगळे तिथेच होते. "दोन गोळ्या. उरलेल्या. मी दिल्या," मी म्हटलं. आईनं माझ्याकडे बघितलं. बघू दे. मरणाची लाज वाटली मला, पण लाज झाकायला दादाचा जीव देणार नव्हते. डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला आणि तिथल्या तिथे इंजेक्शन सुरू झालं.

काकांनी खाडीवर नारळ ठेवलाच. ठेवा म्हटलं, माझं नारळाशी भांडण नाही. पण 'आता घरी नेऊ, भगताला दाखवू' असं एक जण बोलला तेव्हा मी वॉर्डच्या दारात खुर्ची टाकून बसले. हात लावून दाखवा म्हटलं. मनात मात्र एकच होतं. दादा गेला असता तर मी आईला काय तोंड दाखवणार होते?

तिसऱ्या दिवशी सकाळी दादानं डोळे उघडले. आईला 'आई' म्हणाला, पाणी मागितलं. दुपारपर्यंत काकांनी त्याला सगळं रामायण सांगून टाकलेलं, माझ्या गोळ्यांसकट.

दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, खायला द्या. आईनं पिशवीतून तोच डबा काढला. उघडला तर आत खरोखरची बिस्किटं. मी दोन काढून दादाच्या हातावर ठेवली.

त्यानं बिस्किटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दोनच?" आवाज अजून जड होता त्याचा. "कोर्स पूर्ण दे ना."

इतके दिवस सगळ्यांशी भांडणारी मी, तिथेच त्याच्या पलंगावर डोकं टेकून हमसाहमशी रडले.