पाहुण्यांचं पान

भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या त्या सात मजली इमारतीत सुचेता वालावलकर डॉक्टर आहेत, हे वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक होतं. कसल्या डॉक्टर, हे मात्र एकालाही सांगता आलं नसतं. समोरच्या ब्लॉकमधली मिनल एकदा ताप आलेल्या मुलीला घेऊन आली, तेव्हा सुचेताबाईंनी पोरीच्या कपाळाला हात लावला आणि तिला नाक्यावरच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.

"आप गोली भी नहीं देते, डिलिव्हरी भी नहीं करते," मिनल हसत म्हणाली, "तो आप डॉक्टर किसके हो, आंटी?"

"जो डिलिव्हरी में मर जाती है, उसकी."

मिनलचं हसू जागच्या जागी विझलं. त्यानंतर ती कधी ताप घेऊन आली नाही.

उत्तर कडवट होतं, पण खोटं नव्हतं. सुचेताबाई वैद्यकीय कॉलेजात शिकत होत्या, त्या काळी एका सकाळी प्रसूतिकक्षात बावीस वर्षांची एक बाई आणली गेली. वीस मिनिटांत संपली. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, रक्तस्राव. सगळे पुढच्या खाटेकडे वळले. सुचेता मात्र बाहेर बाकावर बसलेल्या सासूजवळ गेली आणि म्हणाली, "आजी, पहाटेपासून काय काय झालं, सांगता?" सासू दीड तास बोलत होती. पहाटे पोटात दुखू लागलं. घरातला पुरुष कामाच्या पाळीवरून यायची वाट पाहिली. मग गाडीची वाट पाहिली. पहिल्या दवाखान्याने दारातूनच पुढे पाठवलं. ऐकता ऐकता सुचेताला कळलं, की ही बाई पहाटेपासून मरत होती. इथे येऊन फक्त संपली.

तिथेच तिचं ठरलं. सगळ्या मैत्रिणी स्त्रीरोग आणि बालरोगाकडे धावल्या, तेव्हा हिने सामाजिक वैद्यकशास्त्र घेतलं. गिरगावातल्या दोन खोल्यांत आईने डोळ्याला पदर लावला. "एवढं शिकलीस ती गटारं तपासायला?" पुढे त्या त्याच कॉलेजात शिकवू लागल्या, तेव्हा विद्यार्थीही त्या विभागाला संडास-गटार विभागच म्हणत. सुचेताबाई वर्गात शिरताना ते ऐकत, फळ्याकडे वळत आणि शिकवायला लागत.

त्यांचं खरं काम वर्गाबाहेर होतं. बाळंतपणात बाई गेली, की तेरावा झाल्यावर त्या घरी जायच्या. जमिनीवर बसायच्या. पहिला अर्धा तास पिशवीतून कागद काढायचाच नाही, हा नियम. मग हळूहळू घर बोलू लागायचं. रंगमंचावर समोरच्याचं वाक्य खरोखर ऐकणारा नट शंभरात एखादाच सापडतो. बाकीचे आपली पाळी यायची वाट पाहत उभे असतात. सुचेताबाई त्या एखाद्यासारख्या होत्या. दाराआड उभी असलेली जाऊसुद्धा शेवटी पुढे येऊन बोलायची.

कॉलेजचं ग्रामीण केंद्र भाईंदरजवळ उत्तनच्या किनारपट्टीत होतं आणि तिथल्या तारोडी गावची आरोग्यसेविका होती पुष्पलता भोईर. सातवी शिकलेली, मिठागरात राबलेल्या घरातली, जाडजूड आवाजाची. सुचेताबाईंना ती पहिल्या दिवसापासून "डॉक्टरीनबाय" म्हणायची आणि बिनदिक्कत अगंतुगं करायची. सुचेताबाईंना ते मनापासून आवडायचं. कॉलेजात कुणी त्यांच्याशी इतकं सरळ बोलत नव्हतं.

२०११ साली त्यांनी किनाऱ्यावरच्या गावांचा दोन वर्षांचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक गरोदर बाईची नोंद, प्रत्येक महिन्याला भेट, वाहनाची आधीच व्यवस्था. नियम सुचेताबाईंनी स्वतः लिहिले होते. त्यातला एक असा: गावात कायम राहणारी बाईच मोजायची. दोन वर्षं संपली आणि बेरजेच्या रकान्यात आकडा आला शून्य. एकही माता दगावली नव्हती.

शोधनिबंध पाठवायच्या आठवड्यात पुष्पलता रजिस्टर घेऊन केंद्रावर आली. तिने ते मागून उघडलं. शेवटच्या पानावर तिच्या गिचमिड अक्षरात मथळा होता: पाहुण्या.

"ह्या कोण?" सुचेताबाईंनी विचारलं.

"माहेरपणाला आलेल्या. पयलं बाळंतपण आईकडंच न्हाय का करत? तुज्या कागदात त्यांना जागा न्हाय, म्हनून मी मागं लिवल्या."

सुचेताबाईंनी पान पाहिलं. खाली चार ओळींवर लाल पेनाने खुणा केल्या होत्या. त्या चौघी गेल्या होत्या.

त्यांना एका क्षणात सगळं समजलं. पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी येते. सासरच्या गावची सेविका तिच्या नावापुढे 'बाहेरगावी' लिहून मोकळी होते. माहेरची सेविका म्हणते, ही इथली नाही. सगळ्यांत जपायला हवी ती बाई नेमक्या त्याच तीन महिन्यांत कुठल्याच वहीत नसते. मुंबईत वाढलेल्या, स्वतःही बाळंतपणाला आईच्याच दोन खोल्यांत राहिलेल्या सुचेता वालावलकरांना नियम लिहिताना हे सुचलं नव्हतं.

"यातली एक माजी भाची," पुष्पलता म्हणाली. "चांदणी. विरारला दिलेली. इथून भाईंदरला नेताना रिक्षातच गेली."

"पुष्पलताताई, फार वाईट झालं." सुचेताबाईंनी पान उलटलं. "पण या अभ्यासाच्या नियमात त्या बसत नाहीत. पुढच्या अभ्यासात यांनाच घेऊ. आणि हे रजिस्टर एकदा स्वच्छ उतरवून द्या. तपासणीला मागची पानं दिसली, की शंभर प्रश्न येतात. पक्कं झालं की कच्चं ठेवू नका, घोळ होतो."

पुष्पलताने त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. आठ दिवसांनी तिने नवं, कोरं कव्हर घातलेलं रजिस्टर आणून दिलं. मागचं पान पांढरं होतं.

निबंध छापून आला. सुचेताबाई प्राध्यापक झाल्या, मग विभागप्रमुख. परदेशात दोनदा भाषणं झाली. पुढचा अभ्यास निघाला, तो रक्तक्षयावर. त्याच्या पुढचा लसीकरणावर. पाहुण्यांचा काही निघाला नाही. कुणी अडवलं नव्हतं, हे त्या स्वतःपाशी कबूल करत.

निवृत्तीचा समारंभ गेल्या वर्षी झाला. मांडीवर शाल-नारळ घेऊन त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचाच विद्यार्थी, नवा विभागप्रमुख पराग, माईकवर रंगात आला होता.

"मॅडमच्या कामाचं वजन सांगतो. गेल्या महिन्यात किनाऱ्यावर प्रसूतिकेंद्र काढायचा एक प्रस्ताव समितीपुढे आला होता. मीही होतो. समितीने मॅडमचा निबंध समोर ठेवला. जिथे मातामृत्यू शून्य आहे, तिथे केंद्र कशाला? प्रस्ताव तिथेच संपला. बारा वर्षांनीसुद्धा हे शून्य बोलतंय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुचेताबाईंनी हात जोडायला उचलले आणि मांडीवरचा नारळ घरंगळत जाऊन मंचाच्या पायरीला लागला. लोक प्रेमाने हसले.

दुसऱ्या दिवशी त्या परागच्या, म्हणजे कालपर्यंत स्वतःच्याच, केबिनमध्ये पाहुण्यांच्या खुर्चीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"मला दुरुस्ती छापायची आहे. समितीलाही कळवायचं आहे."

पराग बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. "मॅडम, तुम्ही नियम मोडला नव्हता."

"नियम मीच लिहिला होता, पराग."

"मूळ रजिस्टर आहे का? ते असेल तर आज पत्र पाठवतो. नसेल, तर कशाच्या आधारावर? लोक म्हणतील, बाईंना खुर्ची सुटल्यावर उपरती झाली. आणि मी तुमच्या हाताखाली पीएचडी केली आहे. माझी सगळी गणितं त्याच आकड्यावर उभी आहेत." आवाज खाली आणून तो म्हणाला, "रागावू नका. रजिस्टर आणा, मी तुमच्या मागे उभा आहे."

रागवायला त्यांना जागाच नव्हती. कच्चं-पक्कं हे त्यालाही त्यांनीच शिकवलं होतं.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरून त्या तारोडीला गेल्या. पुष्पलता अंगणात जवळ्याची बारीक मासळी सुकत घालत होती. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता.

"आली का डॉक्टरीनबाय! मना वाटलं, मोठी झाली, इसरली."

चहा झाला. अर्ध्या तासाचा नियम या वेळी सुचेताबाईंना पाळता आला नाही. कप खाली ठेवण्याआधीच त्यांनी विचारलं, "ते जुनं रजिस्टर आहे का हो? पाहुण्यांचं पान होतं ते?"

पुष्पलता जवळा पसरत होती, तिचे हात थांबले. "ते? तूच बोललीस ना, कच्चं ठेवू नको. चुलीत घातलं मी. चांदणीचं नाव होतं, म्हनून ते पान जरा येगलं धरलं. मग तेपन घातलं."

समोरच्या घरात कुणीतरी टीव्ही लावला होता. सुचेताबाईंनी पिशवीतून वही काढली. "मग सांगा मला नावं. मी लिहिते."

"आता लिवून काय होनार हाय?"

"काही होणार नाही बहुतेक. तरी सांगा."

पुष्पलता ओट्यावर टेकली आणि बोटं मोजू लागली. "चांदणी. मग चंपा, नाक्यावरच्या घरातली. नीलम, तिचं पोर वाचलं, आता सातवी-आठवीत असंल. आनि चौथी..." बोट हवेत राहिलं. "मालाडला दिलेली. गोरी, उंच. हसली का सगल्या आळीला ऐकू जायचं. नाव काय तिचं? तोंडावर हाय बग."

"घरी विचारता येईल?"

"घर कुठं ऱ्हायलं? म्हातारी गेली, भावानं घर इकलं, कुठं गेला ठाव न्हाय." ती सुचेताबाईंकडे वळली. "तू वाचलं होतंस की ते पान. मी तुज्या हातात दिलं होतं. तू शिकलेली, तुज्या ध्यानात असंल. सांग."

सुचेताबाईंनी डोळे मिटले. ते पान त्यांना लख्ख दिसत होतं. मथळा दिसत होता, लाल शाई दिसत होती, कोपऱ्यावरचा तेलाचा डागसुद्धा. अक्षरं दिसत नव्हती. शेकडो घरांतली मरणं तासन् तास ऐकलेल्या त्या बाईने त्या दिवशी नावं वाचलीच नव्हती. किती ओळी आहेत, तेवढं मोजलं होतं.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या.

पुष्पलता उठली आणि पुन्हा जवळा पसरू लागली. वहीत एक, दोन, तीनपुढे नावं होती आणि चौथ्या ओळीवर नुसता चारचा आकडा.

"नाव न्हाय तर न्हाय," ती पाठमोरीच म्हणाली. "आकडा तरी ऱ्हाऊ दे, डॉक्टरीनबाय. तो तरी खोडू नको आता."