सेंटर हाफ बिरू

मी गोलकीपर होतो, त्यामुळे बिरू मला आठवतो तो बहुतेक वेळा पाठमोरा. उंच, वाळका, खांदे किंचित पुढे झुकलेले, आणि मैदानभर वाकून खडे वेचत फिरणारा. साताऱ्यातलं आमच्या कॉलेजचं मैदान मुरमाड होतं. पडलं की कोपर-गुडघे सोलून निघत. सामन्याआधी तर तो खडे वेचायचाच, पण आमचा सामना संपल्यावरही वेचायचा. नंतर दुसऱ्याच दोन कॉलेजांची गाठ असायची. आम्ही हाका मारायचो, चहा थंड होतोय म्हणायचो. तो मूठभर खडे कुंपणापलीकडे भिरकावून येई आणि म्हणे, "पडल्यावर त्यांनाबी लागतंयच की."

तो वडूजच्या पुढच्या एका वाडीतला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वडील लहानपणीच गेले होते. चुलत्यांच्या कळपात ह्यांचीही थोडी मेंढरं असायची, ती मोठ्या दुष्काळात संपली. त्या साली बिरूची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. बिरूही सुट्टीत तिच्या शेजारी बसून हातोडा चालवायचा. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही सहज, आपण कुठल्या शाळेत होतो हे सांगावं तसं. त्याला फौजेत जायचं होतं. कॉलेज, फुटबॉल, सगळं त्या वाटेवरचं. "एकदा भरती झालो की आई घरात बसंल," एवढंच त्याचं म्हणणं.

खेळताना तो फार बोलत नसे. आमच्या बचावफळीच्या मधोमध उभा राहून हातानं खुणा करी. धावायला लागला की मात्र थांबत नसे. सुरुवातीला समोरचे फॉरवर्ड त्याला सहज मागे टाकत, पण उत्तरार्धात त्यांना धाप लागे आणि हा मात्र पहिल्या मिनिटासारखाच पळत असे. मी पहिल्या सामन्यात फार घाबरलो होतो. तेव्हा तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "गड्या, तू फकस्त चेंडू बघ. मानसं मी बघतो." पुढे प्रत्येक सामन्याआधी तो हे वाक्य म्हणायचा आणि मला खरोखर धीर यायचा.

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी आमचा संघ कधी नव्हे तो जिंकत गेला. कराडला जिंकलो, फलटणच्या मुलांना हरवलं, आणि विभागाच्या अंतिम सामन्यासाठी सांगलीला गेलो. कॉलेजच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. आमचे खेळाचे शिर्केसर एरवी शिट्टीशिवाय बोलत नसत, ते एसटीत सगळ्यांना शेंगा वाटत होते. बिरू खिडकीशी बसून बाहेरचा ऊस बघत होता. एवढं हिरवं रान बघितलं की आपल्याला झोपच येती, असं म्हणाला. त्याची भरती पुढच्याच महिन्यात होती. वजन, छाती, उंची, सगळं त्यानं मोजून घेतलं होतं.

सांगलीचा संघ आमच्यापेक्षा सरस होता. तरी मध्यंतराआधी आमचा गोल झाला आणि मैदानाभोवतीची गर्दी एकदम गप्प झाली. आमच्या डाव्या बॅकला लागलं म्हणून एकुलता राखीव खेळाडू आधीच मैदानात उतरला होता. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात त्यांचा एक दांडगा फॉरवर्ड आणि बिरू एकाच चेंडूवर आले. चेंडू बाहेर गेला. फॉरवर्ड उठला, बिरू उठला नाही. मी धावत गेलो तेव्हा त्यानं उजवा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि ओठ मिटून घेतले होते.

शिर्केसर आत आले. गुडघ्यावर नुसता हात ठेवला तरी बिरूचं अंग आखडत होतं. सर म्हणाले, "बाहेर चल. भरती आहे तुझी."

बिरूनं एकदा आमच्याकडे बघितलं. मग सरांना म्हणाला, "धा जणात न्हाई भागायचं, सर. एवडा येळ थांबू द्या."

सरांनी पुन्हा सांगून पाहिलं. तोवर तो माझ्या खांद्याला धरून उभा राहिला होता. सरांच्या पंच्यानं गुडघा आवळून बांधला आणि तो उरलेला सगळा सामना खेळला. पळता येत नव्हतं, म्हणून तो माझ्यापुढेच उभा राहिला आणि जे येईल ते डोक्यानं, छातीनं, पडून अडवत राहिला. शेवटी शेवटी तर त्याच्या तोंडून प्रत्येक वेळी बारीक आवाज येत होता. तो फक्त मलाच ऐकू येत होता. आम्ही एका गोलनं जिंकलो. परतताना एसटीत त्याला पाय दुमडता येईना, म्हणून आम्ही मागचा अख्खा बाक त्याला दिला आणि साताऱ्यापर्यंत गाणी म्हणत आलो. तोही म्हणत होता.

पुढची फेरी कोल्हापूरला झाली. बिरूशिवाय आम्ही सपाटून हरलो.

भरतीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. गुडघ्याची सूज उतरली होती, चालताना कळतही नव्हतं. धावण्यात तो दात खाऊन पास झाला. मग डॉक्टरांनी उकिडवं बसायला सांगितलं. तो बसला, आणि त्याला उठता आलं नाही. फाटकाबाहेर आला तेव्हा सदरा हातातच होता. बराच वेळ तो सदऱ्याची बाही उलटीसुलटी करत राहिला. म्हणाला, "न्हाई जमलं." रस्ता ओलांडल्यावर त्यानं विचारलं, संध्याकाळी प्रॅक्टिस आहे ना, मी बाहेर बसून बघतो. त्या संध्याकाळी तो आला नाही. परीक्षेलाही बसला नाही.

सुट्टीत आम्ही चौघे-पाचजण त्याच्या वाडीला गेलो. त्याच्या आईनं आम्हाला दूध-भाकरी वाढली, पाठीवरून हात फिरवले. मग चुलीपाशी बसून म्हणाली, "उंची कमी पडली म्हनं माज्या लेकराची. तेवड्यासाटी घेतला न्हाई."

त्याच वेळी बिरू पाण्याची कळशी घेऊन दारातून आत येत होता, आणि त्या दाराला त्याला कमरेत वाकावं लागत होतं. आमच्यात सर्वांत उंच तोच होता. आम्ही कोणी मान वर केली नाही. ताटात बघत जेवलो.

निघताना तो आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आला. असं का सांगितलंस, मी विचारलं. थोडं लंगडत चालत तो म्हणाला, "गुडघ्याचं सांगितलं असतं तर जन्मभर तुमाला शिव्या दिल्या असत्या तिनं. आन् तुमी तर येनार घरी." जरा वेळानं म्हणाला, "तिला कळत आसंलबी. पर बोलत न्हाई, तवर बरं हाय."

मग त्यानं पुन्हा मेंढरं धरली. लग्न झालं, मुलगी झाली. मला साताऱ्यातच नोकरी लागली होती. दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेकडे जाताना तो कधीतरी भेटायचा. गुडघा थंडीत धरतो म्हणायचा, संघातल्या एकेकाची नाव घेऊन चौकशी करायचा. एका वर्षी भेटला नाही. वाटेवरच त्याला कावीळ झाली होती. दवाखान्यात न्यायला उशीर झाला. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

मी वाडीला गेलो. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला ओळखलं, पण बोलली नाही. बिरूची बायको मुलीला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. मी इकडचं तिकडचं विचारलं, पिशवीतला खाऊ मुलीच्या हातात दिला आणि उठलो. तेव्हा ती हळूच म्हणाली, "भावजी, तुमी त्यांच्यासंगं खेळत हुता न्हवं?"

मी हो म्हणालो.

"मी त्यास्नी लंगडतानाच बगितलं. लगीन झाल्यापास्नं तसंच." तिनं पदरानं मुलीचं तोंड पुसलं. "ते पळायचं कसं?"

मी पुन्हा खाली बसलो. तीही बसली, म्हातारीनंही मान माझ्याकडे वळवली, आणि बिरू कसा पळायचा ते मी त्यांना सांगू लागलो.