छातीतलं मांजर आणि सहा वाजताची थाप

आमच्या बेंबळी गावातल्या घरात दोन गोष्टी रोज साचतात. माझ्या छातीत कफ आणि घरात किस्से! कफ सकाळ-संध्याकाळ काढून टाकावा लागतो. किस्से मात्र कुणी टाकत नाही, उलट पाहुणे आले की चहाबरोबर पुढं केले जातात. आणि दर पाहुण्यागणिक त्यात भर पडते. म्हणून म्हटलं, आपणच एकदा नीट सांगून टाकावेत.

सुरुवात मांजरापासून झाली.

कॉलेजचं शेवटचं वर्ष. दुपारी डाव्या कुशीवर आडवी झाले की पलंगाखाली मांजर गुरगुरायचं. मी जात्याच दचकणारी, कुकरच्या शिट्टीला सुद्धा उडणारी. दचकून उठायचे, वाकून बघायचे, तर मांजर नाही! तिसऱ्या दिवशी पलंगाखाली वाटीत दूध ठेवलं. ते तसंच.

आई म्हणाली, "रुपे, घरात मांजर न्हाय अन् काय न्हाय, दूध कुणाला पाजायलीस?"

"तूच पड इथं आणि ऐक."

आई आडवी झाली. मांजर गप्प! मी तिच्या शेजारी पडले, मांजर सुरू! आईनं शंका येऊन माझ्या पाठीला कान लावला आणि ताडकन उठून बसली.

"आगं बया! मांजर तर तुझ्यात हाय!"

* * *

सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो लाइटला धरून सांगितलं, की श्वासाच्या नळ्या काही ठिकाणी सैल पडल्यात, तिथं कफ साचतो. दिवसातून दोनदा नेब्युलायझरच्या मशीनमधून औषधाची वाफ घ्यायची, मग पाठ थापटून कफ सुटा करून बाहेर काढायचा. जन्मभर.

'जन्मभर' या शब्दाला मी खुर्चीसकट मागं सरकले. बाबा मात्र शांत होते.

"मग त्यात काय? दात बी जन्मभरच घासावं लागत्यात की!"

(हेच बाबा पहिल्या दिवशी माझ्या मास्कमधून पांढरं धुकं निघताना बघून "धूर! धूर!" करत पळाले आणि घराचा मेन स्विच पाडून आले. मशीन बंद, पंखा बंद, आमच्याकडून शेजारी वायर जोडलेली होती म्हणून शेजारचा टीव्हीही बंद!)

* * *

थापटायचं कसं, हे फिजिओथेरपीच्या मॅडमनी आईला शिकवलं. आई म्हणाली, "थापायचंच हाय न्हवं? मग मला नगा शिकवू."

आणि तिनं माझ्या पाठीवर सुरुवात केली. सपाट पंजा, चट् चट् चट्! मॅडम धावल्या. "मावशी, भाकरी नाहीये ती! हाताची ओंजळ करा. आवाज पोकळ आला पाहिजे."

आईनं ओंजळ केली. पाच मिनिटांत आवाज जमला. पण चार थापा झाल्या की ती माझ्या खांद्याला धरून मला थोडी फिरवायची. परत चार थापा, परत थोडी फिरवायची. मी कॉटवर घड्याळाच्या काट्यासारखी सरकत चालले. पाय भिंतीला लागले, तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं.

"मावशी, पेशंट फिरवायचा नाही!"

आई गोंधळून म्हणाली, "मग कडा कशा सारख्या व्हायच्या?"

* * *

शेवटी ते काम बापूकाकाकडं गेलं. बापूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, गावच्या भजनात पखवाज वाजवणारा. ओंजळीची थाप त्याच्या हातात आधीपासूनच. मॅडम खूश! त्यांना एवढंच माहीत नव्हतं, की बापूकाकाला हात लावला की थांबता येत नाही.

रोज संध्याकाळी सहाला मी उशी पोटाशी घेऊन पालथी पडायचे. काका आधी संथ धरायचा. मग हळूहळू चढायचा. एकदा तो असा रंगला, की ओसरीवर बसलेल्या बाबांनी नकळत टाळ काढले. मी मधेच खोकले, कफ सुटला, आणि काका ओरडला, "वा! बराबर समेवर आली पोरगी!"

दारातून शेजारच्या शांताकाकू डोकावल्या. "आज एकादशी हाय व्हय? मी तर भात खाल्ला की!"

थापटून झालं, की काका पाठीला कान लावून निकाल द्यायचा. "मांजर हाय अजून" म्हणाला, की आणखी दहा मिनिटं. "गेलं मांजर!" म्हणाला, की सुट्टी.

* * *

मशीनची औषधाची वाटी आणि मास्क रोज साबणानं धुवायचा आणि वाटी पाण्यात उकळायची, हे काम मी कुणाला देत नाही. तिथं जंतू राहिले तर ते सरळ छातीत जाणार, या भीतीनं मी हात सुद्धा तीनदा धुते. वाटी उकळायला एक पातेलं वेगळं ठेवलेलं होतं.

एकदा शांताकाकूंनी झाकण उचललं. "आगं बया, प्लास्टिक शिजवायलीस व्हय?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांना पटलं. इतकं पटलं, की दुसऱ्या दिवशी नातवाची दुधाची बाटली घेऊन आल्या. "पाणी उकळलंच हाय तर ही बी टाक." तिसऱ्या दिवशी त्यांची कवळी आली!

मी रडायच्या बेतात आले. तेव्हा आई ते पातेलं घेऊन भांड्यावर नावं घालणाऱ्याकडं गेली आणि म्हणाली, "ह्यावर 'हात लावू नये' असं घाल बाबा." त्यानं आयुष्यभर लग्नाची भांडी केलेली. हाताला वळणच पडलेलं. घरी आणून बघितलं, तर पातेल्यावर सुंदर अक्षरात कोरलेलं होतं:

'हात लावू नये. सप्रेम भेट.'

* * *

मग मला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली. मला ती पाहिजेच होती. आईनं पेढे वाटले आणि रात्रीचं जेवण सोडलं.

"तितं तुला कोण थापटंल?"

मॅडमनी मार्ग काढला. एक छोटंसं पाइपासारखं यंत्र दिलं. त्यात फुंकलं, की आतली गोळी उड्या मारते आणि छाती आतून हलते. मग तोंड उघडं ठेवून 'हाऽ' करून जोरात श्वास सोडायचा, आरशावर वाफ सोडतो तसा. थापटणारं माणूस लागत नाही. काका ते यंत्र उलटंसुलटं करून बघत म्हणाला, "म्हंजे माझी नोकरी गेली म्हणा की!"

अखेर तोड निघाली. आठ दिवस वाशीत राहून बघायचं. मांजर परत आलं, तर नोकरी सोडून घरी. बाबांनी मशीन बांधून दिलं, आईनं ते सप्रेम पातेलं दिलं, आणि मी दोन एसट्या बदलून वाशीला पोचले.

पहिली संध्याकाळ. खोलीत मी एकटी. सहा वाजता मशीन लावलं. मग गोळी उडवली. 'हाऽ' केलं. काही नाही. परत गोळी, परत 'हाऽ'. तिसऱ्या खेपेला कफ सुटला, आणि सुटतच गेला. मी वाटी धुतली, उकळत ठेवली आणि भीत भीत डाव्या कुशीवर पडले.

शांत!

मांजर नव्हतं. मी तर त्या शांततेलाच दचकले. उजव्या कुशीवर पडले, परत डाव्या. नव्हतंच! आपलं आपल्याला जमलं! कधी एकदा घरी सांगते असं झालं.

आईला फोन लावला. उचलेना. बाबांना लावला. उचलेनात. बापूकाकाला. नुसती रिंग. या वेळेला तिघंही घरातच असतात! परत आई, परत बाबा. माझ्या डोळ्यांपुढं काय काय येऊन गेलं. कुणाला चक्कर आली? सगळेच दवाखान्यात? मी पिशवी उचलून स्टँडवर निघायच्या बेतात. शेवटचा म्हणून परत काकाला लावला.

फोन उचलला गेला. पलीकडून धापा.

"काका! काय झालं? कुणी फोन का उचलेना?"

"आगं, हात गुतल्यात! दादाला पालथं घातलंय. सहा वाजले अन् ऱ्हावलंच न्हाय!"

आणि मागून आईचा आवाज आला,

"भावजी, चार झाल्या. आता जरा फिरवा त्यास्नी!"