राजाची उडी

तो पोस्टातला कारकून, जळगावच्या बुद्धिबळ स्पर्धेत पंच. बोलण्याआधी चष्मा कपाळावर ढकलायचा, आणि दर वाक्यामागे खानदेशीत "नियम शे", म्हणजे नियम आहे, म्हणायचा. गावात मला कोणी हरवलेलं नाही. इथे पहिल्याच डावात मी राजा घोड्यासारखा उडवला; आमच्याकडे डावात एकदा तसं चालतं. लोक हसले. आता हा मला हाकलणार, म्हणून मी आपणहूनच उठलो.

चष्मा वर गेला. "बसा आबा. राजा मागे घ्या, दुसऱ्या घरात चाला. नियम शे." मग लोकांकडे वळला. "हसता काय रे? माझा बापही असाच खेळायचा."

माझा जीव भांड्यात पडला. डाव हरलो, पण बसून हरलो.

संध्याकाळी त्यानेच पट मांडला. "आता गावचा नियम," म्हणाला आणि माझ्याआधी आपला राजा उडवला. तो डाव मात्र मी सोडला नाही.